रिकाम्या खुर्चीचा भाव

फुलांच्या घाऊक बाजारात त्यांना सगळे थांबाशेठ म्हणत. शेठ म्हणण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. एक लांबट, अरुंद दुकान, त्यात पाण्याच्या बादल्या, कण्हत कण्हत चालणारी एक जुनी काचेची शीतपेटी आणि मागच्या बाजूला, कंबरेच्याही वर येईल असं एक उंच टेबल. 'थांबा' मात्र त्यांच्यात पुरेपूर होतं. पहाटेचा लिलाव सुरू झाला की बाकीचे दुकानदार पुढे घुसायचे, हनुवट्या उडवायचे, एकमेकांच्या खांद्यावरून बोटं नाचवायचे. थांबाशेठ मागच्या खांबाला टेकून कागदी कपातला चहा फुंकत उभे असायचे. खोक्यावर उभा असलेला लिलाववाला मधेच त्यांच्याकडे बघून ओरडायचा, "काय शेठ, गुलाब काढू का?" आणि हे मान हलवून म्हणायचे, "थांबा."

त्यांचं गणित सरळ होतं. फूल म्हणजे काही लोखंड नव्हे. सकाळी राणी, दुपारी कचरा. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक असतं. तेव्हा गर्दी ओसरू द्यावी, पुढच्यांच्या पिशव्या भरू द्याव्यात, आणि मग सावकाश जाऊन उरलेल्या जुड्या उचलाव्यात. ह्याला ते 'शेपटीचा भाव' म्हणायचे. ज्याला थांबता येतं त्याच्याकडे भाव स्वतःच्या पायांनी चालत येतो, हे त्यांचं तत्त्वज्ञान, आणि ते ऐकवायला ते कुठेच थांबत नसत. दुकान असंच मिळालं, स्कूटर अशीच मिळाली. लग्नसुद्धा असंच जमलं, असं ते सांगत. बायको ऐकत असेल तर सांगत नसत.

बायको दुकानात मागच्या उंच टेबलापाशी उभी राहून गुच्छ बांधायची. टेबल उंच होतं ते तिच्यासाठीच. मणक्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, "उभ्या राहा, चाला, आडव्या व्हा, काय वाटेल ते करा. फक्त बसू नका." चहाचा कप संपेपर्यंत बसली तरी पाठीतून अशी कळ यायची की तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मग ती जेवायची उभ्याने, बिलं लिहायची उभ्याने, टीव्ही बघायची आडवी पडून. घरातल्या खुर्च्यांवर हळूहळू इस्त्रीचे कपडे बसायला लागले.

आणि आडवी पडली की मात्र ती अख्खा पलंग घ्यायची. हात एका कोपऱ्यात, पाय दुसऱ्या कोपऱ्यात. थांबाशेठ काठावर आखडून झोपायचे आणि सकाळी कुरकुरायचे. ती हसून सांगायची, "ही तक्रार जुनी आहे. ताईचीसुद्धा हीच होती." आई लहानपणीच गेली, तेव्हापासून तिला मोठ्या बहिणीनेच वाढवलं होतं. दोघींना मिळून एकच अरुंद पलंग. ताई रोज गुडघ्याने ढोसून ढोसून हिला भिंतीकडे सरकवायची, आणि पहाटेपर्यंत ही परत सगळा पलंग काबीज करून ताईला काठावर आणून सोडायची.

ती ताई आता समुद्रापलीकडे, मुलाकडे राहत होती. विमानाने जायचं तर एक अख्खा दिवस आणि वर थोडं. एके दिवशी तिच्या मुलाचा, म्हणजे ह्यांच्या भाच्याचा, फोन आला.

"मावशी, आई विसरायला लागली आहे गं," तो म्हणाला. "शेजारी आठवत नाहीत. बाबा गेलेत हे आठवत नाही. मला कधी ओळखते, कधी बाबा समजते. पण तुझं नाव रोज घेते. धाकटी कधी येणार, धाकटी कधी येणार, हेच चाललंय. डॉक्टर म्हणतात, भेटायचं असेल त्यांनी लवकर भेटून घ्यावं."

बायकोने फोन ठेवला, हातातली अर्धी बांधलेली जुडी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मला जायचंय. ती मला ओळखतेय तोवर जायचंय."

"जाऊ की," थांबाशेठ म्हणाले. आणि मग दोघांच्याही डोक्यात एकदमच आलं की विमानात बसावं लागतं.

रस्त्याच्या टोकाला, किल्ल्या बनवणाऱ्याच्या आणि लाँड्रीच्या मधे, एका बाईंचं तिकिटांचं ऑफिस होतं. भिंतीवर फिकट झालेले समुद्रकिनारे, टेबलावर एक कॉम्प्युटर आणि कधीच पाणी न मिळालेली एक कुंडी. थांबाशेठनी बसायच्या आधी कुंडीत पाणी घातलं, आणि मग सगळी हकीकत सांगितली. तिकीटवाल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतली.

"मग त्यांना बिझनेस क्लासच लागेल," त्या म्हणाल्या. "तिथली खुर्ची पूर्ण आडवी होते. पलंगच म्हणा ना. उडताना आणि उतरताना तेवढं बसायचं, मधे सगळं झोपून."

"वा! मग तेच द्या."

बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. थांबाशेठनी आकडा बघितला. मग चष्मा काढून पुसला, परत घातला आणि परत बघितला. नवीन शीतपेटी घ्यायला म्हणून त्यांनी जे काही बाजूला टाकलं होतं ते सगळं घातलं असतं तरी बायको अर्ध्या समुद्रापर्यंतच पोचली असती.

"हे दोघांचं आहे का?"

"एकट्या त्यांचं."

"जाऊन-येऊन?"

"हो. नुसतं जायचं असेल तर ह्याच्याहून महाग पडेल."

"म्हणजे परत आलं नाही तर जास्त पैसे?"

"तसंच असतं ते," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून वाटलं की हा प्रश्न त्यांनी पुष्कळ वेळा ऐकलेला आहे आणि उत्तर त्यांनाही कुणी दिलेलं नाही.

थांबाशेठ बुचकळ्यात पडले. बादलीभर फुलं घेतली तर भाव अमुक आणि अर्धी बादली घेतली तर त्याच्याहून जास्त, असं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण गडी खमका. त्यांनी विचारलं, "ह्या पलंगवाल्या खुर्च्या सगळ्या भरतात का?"

"नेहमीच नाही. बऱ्याचदा रिकाम्या जातात."

झालं! थांबाशेठचा चेहरा उजळला. ते खुर्चीत मागे रेलले. विमान उडालं की रिकामी खुर्ची म्हणजे दुपारचं फूल. उद्या तीच खुर्ची परत विकता येत नाही. मग विकणारा शेवटी काय करणार? भाव पाडणार, दुसरं काय करणार! हे तर आपलंच क्षेत्र निघालं की!

"बाई," ते उठता उठता म्हणाले, "आपण थांबू."

तिकीटवाल्या बाई काहीतरी सांगत होत्या, पण थांबाशेठ तोवर दारात पोचले होते.

त्या दिवसापासून त्यांचा नवाच धंदा सुरू झाला. फुलांना पाणी घालायच्या आधी मोबाइल उघडायचा आणि खुर्चीचा भाव बघायचा. आणि तो भाव म्हणजे! फुलांचा भाव का चढला हे विचारलं तर कुणीतरी उत्तर देतं: पाऊस लागला, गाडी बिघडली, कुठे लग्नं आहेत. इथे सकाळी एक भाव, चहानंतर दुसरा. मोबाइलवर एक, बायकोच्या मोबाइलवर वेगळा. विमान तेच, खुर्ची तीच, झोपणारी बाईही तीच. 'आता फक्त दोन जागा शिल्लक' असं लाल अक्षरांत रोज यायचं, आणि दुसऱ्या दिवशीही त्या दोनच शिल्लक असायच्या. एकदा तर त्यांनी भाव बघितला, बायकोला दाखवायला मागे गेले, आणि टेबलापाशी पोचेपर्यंत तो वाढलेला होता. मी बघितल्यामुळे वाढला का, असं त्यांनी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुमच्या बघण्याने एवढं काही होत असतं तर शीतपेटी नसती का दुरुस्त झाली?"

मग एके दिवशी ते नाचतच मागे आले. "मिळालं! जवळजवळ निम्म्या भावात! पलंगवालीच खुर्ची!"

बायकोने कात्री खाली ठेवली. "खरं सांगताय?"

"फक्त सुरुवात इथून नाही करायची. पलीकडच्या देशातल्या शहरातून करायची. तिथून हेच विमान इथे येतं, इथून पुढे जातं. गंमत बघ, लांबून निघालं की स्वस्त!"

"मग त्या शहरात जायचं कसं?"

"बसने. एका रात्रीचा तर प्रवास आहे."

बायकोने कात्री परत उचलली.

"आणि मधे एका विमानतळावर जरा थांबायचंय," थांबाशेठचा आवाज आपोआप खाली आला. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

"कुठे थांबायचं?"

"तिथे असतात ना... खुर्च्या."

"म्हणजे," बायको एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मला बसता येत नाही म्हणून झोपायचं तिकीट काढायचं. ते स्वस्त मिळावं म्हणून रात्रभर बसमध्ये बसायचं. मग दिवसभर विमानतळावर बसायचं. अहो, एवढं बसता आलं असतं तर मी साध्या तिकिटाने जाऊन परतसुद्धा आले नसते का?"

हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, ह्याचं थांबाशेठना स्वतःलाच नवल वाटलं. स्वस्त, स्वस्त करत ते इतके पुढे निघून गेले होते की कशासाठी निघालो हेच मागे राहिलं होतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. पण इथे तर मसाल्याच्या नादात कोंबडीच विसरली होती.

दोनच दिवसांनी तिकीटवाल्या बाईंचा फोन आला. "शेठ, भाव उतरलाय. इथूनच निघायचं, मधे फक्त एकदा विमान बदलायचं, ते चाकाच्या खाटेवर नेतील असं मी लिहून घेते. का उतरला ते विचारू नका, मलाही माहीत नाही. आज घ्या."

"किती उतरला?"

बाईंनी आकडा सांगितला. शीतपेटीचे पैसे आणि वर स्कूटर, एवढ्यात बसत होतं. थांबाशेठच्या तोंडातून 'हो' निघणारच होतं. आणि तेवढ्यात त्यांच्यातला जुना गडी जागा झाला. उतरला म्हणजे उतरायला लागला! फूल एकदा मलूल व्हायला लागलं की ते परत टवटवीत होत नाही. भाव एकदा खाली निघाला की मधे कुठे टेकत नाही. अजून चार दिवस, आणि स्कूटरही वाचेल.

"थांबा," ते फोनमध्ये म्हणाले.

"शेठ, मी तुम्हाला सांगते—"

"थांबा हो. मला ह्यातलं कळतं."

बायको मागून बघत होती. तिने विचारलं नाही. चाळीस वर्षं त्या शब्दावर संसार चालला होता, आणि तो शब्द कधी खोटा पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाव परत चढला. थांबाशेठ म्हणाले, असू दे, उसळी आहे. आठवड्याने आणखी चढला. त्यानंतर तो चढतच राहिला. जसजशी त्यांनी मनात धरलेली जायची तारीख जवळ येत होती तसतसा भाव पडायच्या ऐवजी डोक्यावर चढून बसत होता. ज्या खुर्चीचं फूल आता कोमेजायला हवं होतं ते दिवसागणिक फुलत होतं. थांबाशेठनी विमानातल्या जागांचा नकाशा उघडून बघितला, तर पलंगवाल्या खुर्च्या निम्म्याहून जास्त मोकळ्या. त्यांची झोप उडाली. रागापेक्षा गोंधळ जास्त होता. माल पडून आहे, गिऱ्हाईक दारात उभं आहे, वेळ संपत आलीय आणि दुकानदार भाव वाढवतोय! हा कुठला धंदा? हा तर सरळ आतबट्ट्याचा व्यवहार!

ते तिकीटवाल्या बाईंकडे जाऊन भांडले. बाई म्हणाल्या, "अहो, त्यांनी शेवटच्या दिवशी एकदा स्वस्त दिलं, तर पुढच्या वेळी सगळेच शेवटच्या दिवशी येतील. शेवटी येतो त्याला नड असते. नडलेल्याकडून ते जास्तच घेणार. त्यापेक्षा रिकामी खुर्ची नेणं त्यांना परवडतं."

"मग बाजारात आम्हाला कसं देतात?"

"ते मला काय माहीत," बाई म्हणाल्या. "बाजारात विचारा."

आणि थांबाशेठनी खरंच विचारलं. लिलाव संपला, गर्दी पांगली, लिलाववाला खोक्यावरून उतरून घसा शेकत होता. दोघांच्या हातात चहा होता. थांबाशेठनी सगळी कहाणी सांगितली आणि शेवटी म्हणाले, "तूच सांग. तू शेवटी भाव पाडतोस की नाही? माल उरतो म्हणूनच ना?"

लिलाववाल्याने त्यांच्याकडे बघितलं, मग कपात बघितलं. "शेठ, रागावणार नसाल तर सांगतो."

"सांग की."

"माल उरत नाही हो. कधीच उरत नाही. अत्तराच्या कारखान्याची गाडी येते, राहिलेलं सगळं वजनावर उचलून नेते. तुम्ही गेल्यावर येते, म्हणून तुम्हाला दिसत नाही. चांगला भाव देतात ते."

थांबाशेठना काही कळेना. "मग माझ्या जुड्या?"

"तुमच्या जुड्या मी आधीच बाजूला काढतो. तुम्ही पहिल्यांदा आलात ना, तेव्हा मागे खांबापाशी उभे होतात, खिशात हात घालून. मला वाटलं, नवीन लग्न झालेला माणूस दिसतोय, पैसे कमी असतील, बोलायला लाजतोय. म्हणून चार जुड्या ठेवल्या आणि सगळे गेल्यावर स्वस्तात दिल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत तिथेच. मग सवयच झाली." तो हसला. "तुम्ही सगळ्यांना शेपटीचा भाव समजावून सांगायचात, तेव्हा मला वाटायचं, सांगू दे. माणूस खूश आहे."

थांबाशेठनी खांबाकडे बघितलं. टेकून टेकून त्यांच्या खांद्याच्या उंचीवर त्याचा रंग उडाला होता. आपण थांबत होतो म्हणून भाव खाली येत नव्हता, कुणीतरी आपल्यासाठी थांबत होता, हे त्यांच्या डोक्यात शिरत होतं आणि परत बाहेर निघून जात होतं. आभार मानावेत की ओशाळावं हेही त्यांना कळेना. त्यांनी लिलाववाल्याचा रिकामा कप आपल्या कपात घातला, दोन्ही कप नेऊन टाकले आणि स्कूटर सुरू केली.

दुकानात आले तेव्हा बायको टेबलापाशी उभी होती. समोर फुलं नव्हती. मोबाइल पालथा ठेवलेला होता.

"काय झालं?"

"ताईशी बोलले. तोंड दिसत होतं फोनवर. मी म्हटलं, ताई, मी आहे. तिने माझ्याकडे बघितलं आणि मुलाला विचारलं, ह्या कोण बाई आहेत?" बायकोचा आवाज अगदी साधा होता. "तो म्हणाला, अगं धाकटी. तर म्हणाली, धाकटी एवढी म्हातारी कशी असेल?"

थांबाशेठ पुढे झाले. ती म्हणाली, "अहो, मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. पण आज म्हणते. तुम्ही खुर्चीचा भाव उतरायची वाट बघत होता ना, तोवर इकडे माझी ताई संपत चालली होती. मला राग आलाय. खूप राग आलाय. आणि आता जाऊन तरी काय उपयोग, तेही मला कळत नाही."

चाळीस वर्षांत ती अशी बोलली नव्हती. थांबाशेठना वाटलं, हिने ओरडायला हवं होतं. ते तसेच वळले, चालत रस्त्याच्या टोकापर्यंत गेले आणि तिकीटवाल्या बाईंच्या समोर उभे राहिले.

"घ्या," ते म्हणाले. "हिचं पलंगवालं, माझं साधं. जे पहिलं विमान असेल त्याचं."

"शेठ, भाव ऐकून तरी घ्या."

"नको."

शीतपेटीचे पैसे गेले, स्कूटर गेली, आणि बायकोच्या पाटल्याही गेल्या. पाटल्या तिने स्वतःच काढून दिल्या, आणि देताना एवढंच म्हणाली की घासाघीस करत बसू नका. उपयोग काय हे तिला अजूनही कळलं नव्हतं. जायचं मात्र होतं.

विमानात तिला पुढे नेलं आणि थांबाशेठना मागे. मधे एक निळा पडदा होता. विमान सरळ झाल्यावर ते गुडघे चोळत उठले आणि पडद्यापाशी जाऊन उभे राहिले. हवाई सुंदरीला त्यांनी हळूच सांगितलं, "माझी बायको आहे आत. पाठीचं दुखणं आहे. नुसती बघून येतो."

तिने पडदा बाजूला केला. बायको आडवी झाली होती, चादर गळ्यापर्यंत, डोळे मिटलेले. सवयीप्रमाणे तिचा एक हात खुर्चीबाहेर पसरला होता. चेहऱ्यावर कळ नव्हती. थांबाशेठना तेवढ्याने भरून आलं. आणि मग त्यांनी आजूबाजूला बघितलं. तिच्या डाव्या बाजूची खुर्ची रिकामी. तिच्या पुढच्या दोन रिकाम्या. पलीकडची अख्खी रांग रिकामी, प्रत्येकीवर घडी घातलेली चादर आणि छोटी पांढरी उशी. कुणीही न घेतलेल्या जुड्या ओळीने मांडून ठेवाव्यात तशा त्या समुद्रावरून चालल्या होत्या, आणि कुठल्याही अत्तराच्या कारखान्याची गाडी त्यांच्यासाठी येणार नव्हती.

"ह्या अशाच जाणार?" त्यांनी विचारलं.

"हो," हवाई सुंदरी म्हणाली.

"का?"

ती नम्रपणे हसली. थांबाशेठ आपल्या जागेवर परत आले, आणि उरलेला सगळा प्रवास त्या एका 'का'वर विचार करत बसले. त्यांना उत्तर सापडलं नाही. आजतागायत सापडलेलं नाही.

भाचा न्यायला आला होता. गाडीत त्याने मागची सीट आडवी करून मावशीला झोपवलं. वाटेत तो पुढे बसलेल्या थांबाशेठना हलक्या आवाजात म्हणाला, "काका, दीड महिन्यापूर्वी फार छान होती हो ती. रोज सकाळी खिडकीशी बसायची, धाकटीची गाडी येईल म्हणून." तो टोचून बोलत नव्हता. पण दीड महिन्यापूर्वीच तर तिकीटवाल्या बाईंचा तो फोन आला होता. का ते विचारू नका, आज घ्या. थांबाशेठनी खिडकीची काच खाली केली. त्यांना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

ताईची खोली मागच्या बाजूला होती. खिडकी, कपाट, औषधांचं टेबल आणि भिंतीला लावलेला एक पलंग. ताई उशीला टेकून बसली होती. केस पांढरेशुभ्र, अंगावर निळं स्वेटर. बायको तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. ताईने तिच्याकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघतात तसं.

"बसा ना," ती म्हणाली. "उभ्या का?"

"मला बसता येत नाही, ताई."

"अरेरे. लांबून आलात वाटतं?"

"हो. खूप लांबून."

"माझी धाकटी पण येणार आहे," ताई तिला विश्वासात घेऊन म्हणाली. "लांब असते ती. विमानाने येणार आहे. तुम्ही थांबा, ओळख करून देते."

बायकोने मान हलवली. तशीच ती उभी राहिली, पलंगाचा कठडा धरून. थांबाशेठ दारातून बघत होते. एवढा प्रवास, मग विमानतळ, मग गाडी. उतरताना ती थोडा वेळ बसली होती, आणि तेवढ्यानेच तिची पाठ आता भरून आली असणार हे त्यांना तिच्या खांद्यांवरून कळत होतं. शेवटी तिचे पाय थरथरायला लागले. खोलीत दुसरी जागाच नव्हती. ती वळली आणि काही न विचारता पायथ्याकडून चढून ताईशेजारी, पलंगाच्या मोकळ्या बाजूला, भिंतीकडे, आडवी झाली. तिचे डोळे मिटले. हात आपोआप पसरला आणि जाऊन ताईच्या मांडीवर पडला.

ताईने त्या हाताकडे बघितलं. मग शेजारी पडलेल्या बाईकडे. मग ती हळूहळू उशीवरून खाली सरकली, पाय लांब केले, आणि चादरीखालून एक गुडघा वर आला. तो बायकोच्या कमरेला लागला. एकदा, मग परत एकदा.

"सरक की गं," ताई वैतागून म्हणाली. "रोज सगळी जागा तूच घेतेस."

बायको सरकली. भिंतीला नाक लागेपर्यंत सरकली. तिची पाठ दाराकडे होती, म्हणून थांबाशेठना तिचा चेहरा दिसला नाही. फक्त खांदे हलताना दिसले, आणि ताईने कुरकुरत आपली चादर ओढून तिच्याही अंगावर घातलेली दिसली.

ओळखलं का? थांबाशेठना कळेना. ही खरंच ओळख, की नुसती गुडघ्याची सवय? सकाळी ती परत 'ह्या कोण बाई' म्हणेल का? आणि ह्याला काय म्हणायचं, मिळालं की हुकलं? भाच्यालाही तेच वाटलं असावं. तो घाईने पुढे झाला आणि म्हणायला लागला, "आई, अगं ही बघ, ही आपली—"

थांबाशेठनी त्याचा हात धरला.

"थांब," ते म्हणाले.

मग दोघंही दारातच उभे राहिले.